किन्वा आणि तांदूळ : नित्याच्या अन्नाची तुलना

इन्का राजघराण्यातील माता आणि स्पॅनिश पिता लाभलेल्या इन्का गार्सिलासो दे ला व्हेगा ह्या ग्रंथकाराने १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या पेरूविषयक ग्रंथात किन्वा ह्या धान्याचे वर्णन केले आहे. दाण्याचे रूप व रंग काहीसे मिळतेजुळते असल्यामुळे स्पॅनिश लोक त्यास ‘लहान तांदूळ’ म्हणत, अशी नोंद त्यात आढळते. अपरिचित वस्तूस परिचित वस्तूचे नाव देणे हा भाषेचा नित्याचा व्यवहार होय. तथापि नावाबरोबर तुलनाही येते. रोजच्या जेवणात भाताऐवजी किन्वा खावा काय, हा आज विचारला जाणारा प्रश्न त्या जुन्या नावातच बीजरूपाने होता.

‘किन्वा’ हा शब्द केचुआ भाषेतील असून आयमारा भाषेत त्याच धान्यास ‘हुफा’ म्हणतात. आपल्याकडे रूढ होऊ लागलेले ‘क्विनोआ’ हे रूप रोमन अक्षरांच्या वाचनातून आलेले दिसते. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या मात्र ह्या दोन अन्नांचे नाते दूरचे आहे. भात हे गवताच्या कुलातील पीक. किन्वा हा महाराष्ट्रात भाजी म्हणून परिचित असलेल्या चाकवताच्या प्रजातीतला, आणि राजगिराही त्याच कुलातला. अर्थात ‘तृणधान्य’ हा मराठी शब्द काटेकोरपणे वापरल्यास तांदूळ त्यात बसतो, किन्वा बसत नाही.

पोषणाच्या दृष्टीने पाहता शिजवलेल्या १०० ग्रॅम किन्व्यात सुमारे १२० कॅलरी, ४.४ ग्रॅम प्रथिने व २.८ ग्रॅम तंतू असतात. तेवढ्याच वजनाच्या पांढऱ्या भातात सुमारे १३० कॅलरी, २.७ ग्रॅम प्रथिने व अर्ध्या ग्रॅमहूनही कमी तंतू असतात. लोह व मॅग्नेशियम ह्यांच्या बाबतीतही किन्वा पुष्कळ सरस ठरतो. शिवाय तांदळाच्या प्रथिनांत लायसिन हे अॅमिनो आम्ल कमी असते. किन्व्यात ते पुरेसे आढळते. ह्या आकड्यांवरूनच किन्व्याचे श्रेष्ठत्व सांगितले जाते.

परंतु नित्याचे अन्न म्हणजे एकटा दाणा नव्हे. भातावर वरण वाढले की तांदळातील लायसिनची उणीव डाळ भरून काढते. कोंडा पूर्णपणे न काढलेला, हातसडीचा तांदूळ घेतल्यास तंतूंतील अंतरही कमी होते. आंदीज पर्वताच्या पठारावरही किन्वा एकटा खाल्ला जात नाही. तो बटाट्यासह सारात पडतो. दूध व चीज घालून त्याची ‘पेस्के’ नावाची लापशी होते. त्याच्या पिठाचे ‘किस्पिञा’ नावाचे मुटके वाफवतात. यास्तव दाण्याशी दाणा न ताडता ताटाशी ताट ताडून पाहणे युक्त होय.

ताटात येण्यापूर्वीचे श्रमही विचारात घेतले पाहिजेत. किन्व्याच्या दाण्यावरील थरात सॅपोनिन हे कडू, पाण्यात फेसाळणारे द्रव्य असते. पाखरांपासून पिकाचे रक्षण करणारा हा कडूपणा काढल्याविना दाणा खाण्याजोगा होत नाही. बोलिव्हियाच्या दक्षिण पठारावर दाणे भाजून, पांढरी माती मिसळून, दगडी उखळात पायांनी मळून मग धुण्याची रीत आहे. आणि हे कष्ट बहुधा स्त्रियांच्या वाट्यास येतात. तांदूळ मात्र गिरणीतून सडून आलेला मिळतो आणि थोड्या वेळात शिजतो.

ह्या सोयीचा परिणाम आंदीजमध्येच दिसून आला. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंचीवर, तितिकाका सरोवराच्या परिसरात, भात पिकत नाही; किन्वा पिकतो. स्पॅनिश लोकांबरोबर आलेला तांदूळ पेरूच्या किनारी प्रदेशात आणि बोलिव्हियाच्या सखल पूर्व भागात स्थिरावला, आणि पुढे शहरांतील रोजच्या जेवणात त्याने मानाचे स्थान मिळविले. किन्वा हे डोंगरातील मूळ रहिवाशांचे, गरिबांचे अन्न मानले जाऊ लागले. किन्वा मागे पडला तो पोषणात उणा होता म्हणून नव्हे. श्रम, प्रतिष्ठा व सुलभता ह्यांच्या तराजूत तो हलका ठरला.

पुढे परदेशांत मागणी वाढली. २०१३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय किन्वा वर्ष म्हणून पाळले. त्यापूर्वीच्या काही वर्षांत किन्व्याची किंमत जवळजवळ तिपटीने वाढली होती, आणि पिकविणाऱ्यांच्याच ताटातून तो नाहीसा होईल अशी भीती व्यक्त झाली. पेरूतील कुटुंबांच्या खर्चाच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासांत मात्र त्या भीतीस फारसा आधार सापडला नाही. वाढलेल्या किमतीचा उत्पादकांस लाभच झाला. खरा फटका नंतर बसला. किनारपट्टीवरही मोठ्या प्रमाणावर लागवड होऊन २०१५ च्या सुमारास किंमत कोसळली, तेव्हा ज्यांच्याजवळ दुसरे पीक नव्हते त्या पठारावरील शेतकऱ्यांचे उत्पन्न घटले.

तात्पर्य, किन्वा हा ‘लहान तांदूळ’ नव्हे, आणि तांदूळ हा उणा किन्वाही नव्हे. ज्याच्या ताटात भाताबरोबर डाळ व भाजी आहे त्यास किन्व्यावाचून काही अडत नाही. ज्याच्या ताटात नुसता पांढरा भात आहे त्याची उणीव महाग किन्व्यापेक्षा मूठभर डाळीने अधिक सहज भरून निघेल. पठारावरील कुटुंबास मात्र किन्व्याच्या जागी दुसरे पीक सहसा घेता येत नाही. दोन अन्नांत श्रेष्ठ कोणते, हा प्रश्न ते कोणाच्या ताटात आहे हे सांगितल्याशिवाय पुरा होत नाही.