अ‍ॅक्सेसमधला लोडिंगचा हलता पडदा

मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये लोडिंगचा पडदा म्हणजे एक साधा फॉर्मच असतो. इमेज कंट्रोलमध्ये घातलेली अ‍ॅनिमेटेड जीआयएफ तिथे स्थिरच दिसते, म्हणून चित्र हलवण्यासाठी फॉर्मचा टायमर वापरतात. त्याचे अंतर मिलिसेकंदांत द्यायचे. 100 दिल्यास सेकंदाला सुमारे दहा वेळा चित्र बदलता येते.

खरी अडचण पुढे आहे. व्हीबीए कोड एका वेळी एकच काम करतो. मोठी क्वेरी चालू असेपर्यंत टायमरची पाळीच येत नाही, आणि नेमके गरजेच्या वेळी चित्र गोठते. ‘डूइव्हेंट्स’ ही आज्ञा खोळंबलेल्या घटनांना वाट देते, पण एकाच क्वेरीच्या मध्यात ती घालता येत नाही. त्यामुळे काम टप्प्यांत तोडावे लागते: टेबले जोडणे, नोंदी आणणे, हिशेब करणे. प्रत्येक टप्प्यानंतर फॉर्मवरच्या रंगीत चौकटीची रुंदी वाढवून फॉर्म पुन्हा रंगवावा. ही रुंदी ट्विपमध्ये मोजतात. 1 इंच म्हणजे 1440 ट्विप. नुसत्या फिरत्या चक्रापेक्षा अशी पट्टी केव्हाही चांगली, कारण किती काम उरले ते तिच्यावरून कळते. डूइव्हेंट्सच्या फटीत वापरणारा काम सुरू करणारे बटण पुन्हा दाबू शकतो. ते आधीच निष्क्रिय करावे.