डेरिंजर पिस्तुलांचा शोध

जुन्या पिस्तुलांच्या संग्राहकास डेरिंजर या नावाइतका मनस्ताप क्वचितच दुसऱ्या नावाने दिला असेल. फिलाडेल्फियाचा बंदूककार हेन्री डेरिंजर (१७८६–१८६८) याची खिशात मावणारी, एकबारी, ठासणीची पिस्तुले एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, फार लोकप्रिय झाली. १४ एप्रिल १८६५ रोजी अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली ती याच कारागिराच्या पिस्तुलातून.

मागणी वाढली तसे नकलाकारही वाढले. डेरिंजरकडून बाहेर पडलेल्या कारागिरांनी त्याच्याच नावाचा ठसा वापरला. एका कारखान्याने तर त्याच आडनावाच्या शिंप्याला हाताशी धरले! म्हणून संग्राहकाला चापाच्या पट्टीवरील आणि नळीच्या बुडाशी असलेला ठसा भिंगाखाली तपासावा लागतो. पुष्कळदा विक्रेत्याने पिस्तूल घासून चकचकीत केलेले असते आणि गंजाबरोबर अक्षरेही गेलेली असतात. ही पिस्तुले बहुधा जोडीने विकली जात. आज हाती लागते ते एकटेच.

मग या खटाटोपाचे फळ कोणते? अस्सल पिस्तूल सापडण्याचा आनंद तर आहेच. परंतु त्या काळातील नक्कलही टाकाऊ नसते. नावाच्या चोरीविरुद्ध डेरिंजरने दावा लावला आणि १८६५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. त्या वादाचा साक्षीदार म्हणून खोटा ठसाही बोलका ठरतो. मात्र तो पुसला गेला, की खरे-खोटे दोन्ही मुके होतात.