मोटार मोडीत काढण्यापूर्वी

मोटारीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरील पंधरा वर्षांची मुदत संपत आली की अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. गाडी तशी बरी असते. आठवड्यातून दोनदा बाजारात जाते, लग्नकार्याला परगावी नेऊन आणते, दुरुस्तीचा खर्चही फारसा नसतो. परंतु शेजारी सांगतात, ‘आता ती रस्त्यावर दिसली तर जप्त होईल.’ विक्रेता सांगतो, ‘जुनी गाडी द्या, सरकार नव्या गाडीवर मोठी सवलत देत आहे.’ ही दोन्ही विधाने अर्धवट खरी आहेत. अर्धवट माहितीच्या आधारे कुटुंबाने सात वर्षांचे कर्ज डोक्यावर घ्यावे काय, हा खरा प्रश्न आहे.

केंद्र सरकारचे वाहने मोडीत काढण्याचे धोरण १ फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात घोषित झाले आणि त्याच वर्षी १३ ऑगस्टला गांधीनगर येथील गुंतवणूकदार परिषदेत पंतप्रधानांच्या हस्ते त्याचा प्रारंभ झाला. धोरणाच्या अधिकृत नावातच ‘स्वेच्छा’ हा शब्द आहे, याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. या धोरणाची कसोटी वाहनाचे वय ही नसून त्याची योग्यता ही आहे. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर परिवहन कार्यालयात तपासणी करून घेतली आणि गाडी योग्य ठरली, तर नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. पुढेही ते करता येते. तपासणीत जी गाडी नापास होईल तिच्या बाबतीतच पुढचा विचार उद्भवतो.

नूतनीकरण महाग मात्र झाले आहे, आणि ते हेतुपुरस्सर केलेले आहे. पूर्वी मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपये होते. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीसाठी ते ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. एका हाताने बक्षीस आणि दुसऱ्या हाताने दंड, अशी ही रचना आहे. तरीही पाच वर्षांसाठी पाच हजार म्हणजे महिन्याला सुमारे ८३ रुपये होतात. नवी मोटार घेण्यास भाग पाडणारी ही रक्कम नव्हे.

जप्तीची भीती आली ती दिल्लीहून. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदी आहे, असे आपण वाचतो. ती बंदी या धोरणातून आलेली नाही. तिथल्या विषारी हवेमुळे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिलेल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केलेल्या आदेशातून ती आली. २०२५ मध्ये तो विषय पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. सांगली, कोल्हापूर, सोलापूर किंवा पुण्याच्या मोटारमालकाला तो आदेश लागू नाही.

आता सवलतीकडे वळू. केंद्र सरकार खासगी मोटारमालकाच्या हातावर रोख रक्कम ठेवत नाही. नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडीत काढली की ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ म्हणजे ठेव प्रमाणपत्र मिळते. ते दाखवून नवी गाडी घेतल्यास तीन लाभ संभवतात. पहिला मोटार वाहन करातील सूट. खासगी वाहनाला जास्तीत जास्त २५ टक्के आणि व्यावसायिक वाहनाला जास्तीत जास्त १५ टक्के, अशी मर्यादा केंद्राच्या नियमांनी घातली असून त्या मर्यादेत दर ठरवणे राज्याच्या हाती आहे. दुसरा लाभ नव्या गाडीच्या नोंदणी शुल्काची माफी. तिसरा कंपनीकडून मिळणारी सूट. ऑगस्ट २०२४ मध्ये अनेक कंपन्यांनी प्रवासी मोटारीच्या शोरूम किमतीवर दीड टक्का किंवा २०,००० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते, ठरावीक मुदतीसाठी देऊ केले होते. ही सूट कंपनीच्या इच्छेवर असते. त्यामुळे आज ती आहे किंवा नाही, आणि विक्रेता एरवीही देतो त्या सणासुदीच्या सवलतीहून ती वेगळी आहे काय, हे लेखी विचारून घ्यावे.

हिशेब मांडला की चित्र स्पष्ट होते. समजा, नवी पेट्रोल मोटार आठ लाख रुपयांची आहे. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरील दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीला ११ टक्के एकरकमी कर धरला तर तो ८८,००० रुपये होतो. राज्याने कमाल मर्यादेइतकी, म्हणजे २५ टक्के, सूट दिली असे मानले तरी वाचतात २२,००० रुपये. कंपनीची दीड टक्का सूट १२,००० रुपये. नोंदणी शुल्क ६०० रुपये. एकूण ३४,६०० रुपये. हा सर्वांत अनुकूल आकडा झाला. राज्याचा दर कमी असेल तर तो आणखी खाली येतो.

यात भंगाराची किंमत धरलेली नाही, आणि ती धरूही नये. धोरण जाहीर होताना ती नव्या गाडीच्या किमतीच्या ४ ते ६ टक्के असेल असे सांगितले गेले, म्हणजे आपल्या उदाहरणात ३२ ते ४८ हजार. प्रत्यक्षात ती गाडीचे वजन आणि लोखंडाचा भाव यांवर ठरते. विक्रेते ही रक्कम सवलतीत मिळवून मोठा आकडा सांगतात. परंतु ती आपल्याच वस्तूची किंमत आहे, कोणाची कृपा नाही. चालू स्थितीतील, नोंदणी शिल्लक असलेली गाडी दुसऱ्या वापरणाऱ्याला विकल्यास कदाचित याहून अधिक मिळतील. तो भाव आधी काढून पाहावा.

दुसऱ्या बाजूला खर्च किती? दोन लाख पदरचे घालून उरलेल्या सहा लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ९,६५० रुपये बसतो आणि सात वर्षांत व्याज भरावे लागते सुमारे २ लाख ११ हजार. शिवाय मोटारीची किंमत पहिल्या दिवसापासून घटू लागते. विम्याच्या रूढ घसारा तक्त्यानुसार एक ते दोन वर्षांच्या गाडीची किंमत २० टक्के कमी धरतात. आठ लाखांवर ते १ लाख ६० हजार होतात. ३४ हजारांच्या लाभासाठी एवढा भार उचलावा, असे कोणताही सावध कर्ज अधिकारी सुचवणार नाही. मात्र ज्याला नवी गाडी घ्यायचीच आहे आणि ज्याची जुनी गाडी खरोखर थकली आहे, त्याने हे ३४ हजार सोडण्याचे कारण नाही. सवलत त्याच्यासाठी आहे. ज्याची गाडी चांगली आहे त्याच्यासाठी ते केवळ आमिष ठरते.

लोकांना नव्या गाडीकडे वळवण्याचा हा मार्ग भारताने शोधून काढलेला नाही. फ्रान्समध्ये १९९४ सालीच दहा वर्षांवरील मोटार मोडीत काढणाऱ्याला सरकार ५,००० फ्रँक देत होते. २००९ च्या जागतिक मंदीत तर ही साथच पसरली. जर्मनीने नऊ वर्षांहून जुनी मोटार मोडीत काढून नवी घेणाऱ्याला २,५०० युरो रोख दिले. आरंभी दीड अब्ज युरोंची तरतूद होती. मागणी इतकी वाढली की ती पाच अब्जांवर न्यावी लागली आणि सुमारे वीस लाख मोटारींना तिचा लाभ झाला. या बक्षिसाचा जर्मन शब्द त्या वर्षीचा ‘वर्षाचा शब्द’ ठरला. पण पुढच्या वर्षी काय झाले? २००९ मध्ये जर्मनीत सुमारे ३८ लाख नव्या मोटारींची नोंदणी झाली होती. २०१० मध्ये ती सुमारे २९ लाखांवर आली. अनेकांनी उद्याची खरेदी आज केली होती, एवढेच.

अमेरिकेनेही त्याच वर्षी अशी योजना आणली. ३,५०० किंवा ४,५०० डॉलर मिळत. एक अब्ज डॉलर काही दिवसांत संपले, आणखी दोन अब्ज द्यावे लागले, आणि ऑगस्ट अखेरीपूर्वीच योजना बंद झाली. तोवर सुमारे ६ लाख ७७ हजार गाड्या जमा झाल्या होत्या. त्या गाड्या पुन्हा रस्त्यावर येऊ नयेत म्हणून इंजिनातील तेल काढून त्यात सोडियम सिलिकेटचे द्रावण ओतत आणि इंजिन घट्ट अडकून बंद पडेपर्यंत चालू ठेवत. त्यांत उत्तम चालणाऱ्या गाड्याही होत्या. ज्याला नवी गाडी परवडत नाही, त्याच्यासाठी स्वस्त जुनी गाडी हाच आधार असतो. तो आधार सरकारी पैशाने नष्ट करण्यात आला, ही टीका तिथे झाली आणि ती अनाठायी नव्हती.

मग या धोरणात चांगले काहीच नाही काय? आहे, आणि ते सवलतीपेक्षा मोठे आहे. आजवर आपल्याकडे जुनी मोटार भंगारवाल्याकडे जात असे. इंजिनाचे तेल गटारात, बॅटरीतील आम्ल मातीत आणि वातानुकूलन यंत्रातील वायू हवेत सोडून देऊन हातोड्याने पत्रा सुटा केला जाई. नोंदणीकृत केंद्रात प्रथम इंधन, तेल, शीतक द्रव, वायू आणि बॅटरी वेगळी काढून घ्यावी लागते. त्यानंतरच पत्र्याला हात लागतो. लोखंड, ॲल्युमिनियम, तांबे वितळवून पुन्हा वापरात येते. गाडी जाणारच असेल, तर ती या मार्गाने जावी. चार पैसे कमी मिळाले तरी हरकत नाही.

स्वतःच्या सुरक्षिततेसाठीही हाच मार्ग योग्य आहे. भंगारवाल्याला दिलेल्या गाडीची नोंदणी मालकाच्याच नावावर राहते. तिचा सांगाडा क्रमांक दुसऱ्या गाडीवर चढला आणि ती गुन्ह्यात सापडली, तर पोलीस दारात येतात ते मूळ मालकाच्या. वाहन नष्ट झाल्यास चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार मालकाचे कर्तव्यच आहे. नोंदणीकृत केंद्र ‘वाहन’ या सरकारी संगणक प्रणालीवर गाडीवर गुन्हा, थकीत देणे वा बोजा नाही हे तपासते आणि गाडी मोडल्यावर स्वतंत्र प्रमाणपत्रही देते.

बोजा या शब्दापाशी पुष्कळांची गाडी अडते. कर्ज दहा वर्षांपूर्वी फिटलेले असते, पण नोंदणी प्रमाणपत्रावर बँकेचे तारणगहाण तसेच राहिलेले असते. बँकेचे ना हरकत पत्र आणि नमुना ३५ सादर करून ते उतरवावे लागते. शाखा विलीन झाली असेल, जुने खाते बंद असेल, तर त्याला वेळ लागतो. म्हणून हे काम गाडी चालू असतानाच उरकावे. गाडी दिवंगत वडिलांच्या नावावर असेल तर आधी नमुना ३१ भरून ती वारसाच्या नावावर करावी. विम्याचा हप्ता, दंडाच्या पावत्या, पर्यावरण कर, सारे चुकते असल्याची खात्री करावी.

ठेव प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षांची असते, म्हणून गाडी दिली त्याच महिन्यात नवी घ्यावी अशी घाई करण्याचे कारण नाही. आणखी एक तरतूद फार थोड्यांना माहीत आहे. हे प्रमाणपत्र दुसऱ्याला विकता येते. वयामुळे ज्यांनी गाडी चालवणे सोडले आहे, मुले परगावी आहेत आणि दारात धूळ खात उभी असलेली मोटार आता नकोच आहे, अशा ज्येष्ठांनी ती केंद्रात जमा करावी, भंगाराची रक्कम खात्यात घ्यावी आणि प्रमाणपत्र नव्या गाडीच्या शोधात असलेल्या कोणा गरजूला संगणकीय पद्धतीने हस्तांतरित करावे. एकदा वापरले की त्याची तशी नोंद होऊन ते रद्द होते. त्यामुळे व्यवहार करताना ते वापरलेले नाही, हे ‘वाहन’ प्रणालीवर घेणाऱ्याने तपासून घ्यावे.