ताराचिन्हांचे वाक्य : उपाहारगृहांच्या गुणांकनाविषयी

उपाहारगृहांना पारितोषिके देणे, त्यांची प्रतवारी लावणे आणि ती प्रवाशांच्या हाती ठेवणे या उद्योगाविषयी दोन पक्ष आढळतात. एक पक्ष म्हणतो, रुची ज्याची त्याची. तिला अंक कसा लावणार? दुसरा विचारतो, परक्या गावी उतरलेल्या माणसाने मग कोणाच्या भरवशावर जेवावे? हा वाद सामान्यतः जिभेचा म्हणून चालतो. प्रस्तुत लेखकास तो प्रथमतः भाषेचा वाटतो. तारा काय किंवा अंक काय, ते एक चिन्ह आहे. आणि चिन्ह कोणी, कोणास, कशाविषयी उच्चारले, हे ठरल्यावाचून त्याच्या खरेखोटेपणाचा विचार संभवत नाही.

या चिन्हांपैकी सर्वांत प्रतिष्ठित असे जे मिशलँचे तारे, त्यांचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. फ्रान्समधील क्लेर्मों-फेराँ येथे टायरांचा कारखाना चालविणाऱ्या मिशलँ बंधूंनी १९०० साली मोटारवाल्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली व ती फुकट वाटली. लोक मोटारीने अधिक हिंडले तर टायर अधिक झिजतील, हा त्यातील सरळ व्यापारी हिशेब होता. १९२० पासून तिला किंमत लागली, १९२६ साली उत्तम भोजनगृहांपुढे एक तारा छापला जाऊ लागला, १९३१ साली दोन व तीन ताऱ्यांची भर पडली आणि १९३६ साली त्यांचा अर्थ प्रसिद्ध झाला. एक तारा म्हणजे आपल्या वर्गातील चांगले ठिकाण. दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जावे असे. आणि तीन तारे म्हणजे खास तेवढ्यासाठी प्रवास करावा असे. या व्याख्येत माप आहे ते रस्त्याचे. तारा हे एका वाक्याचे संक्षिप्त रूप होते, आणि त्या वाक्याचा श्रोता ठरलेला होता : हाती वाहन असलेला परगावचा माणूस.

पुढे वाक्य विसरले गेले व तारा उरला. त्याचे ‘श्रेष्ठ’ या अर्थाचे विशेषण झाले आणि विशेषण एकदा लागले की ते काढून घेणे हा अपमान ठरतो. सेबास्तियाँ ब्रा या पाककर्त्याने २०१७ साली तीन तारे पदरी असताना आपले नाव मार्गदर्शिकेतून वगळावे अशी विनंती केली. मार्क व्हेरा यांचा तिसरा तारा २०१९ च्या आरंभी गेला, तेव्हा ते न्यायालयात गेले. वर्षअखेर त्यांचा दावा फेटाळला गेला. ‘येथे वाट वाकडी करून या’ या वाक्याविरुद्ध कोणी दावा लावील असे वाटत नाही.

दुसरा प्रश्न सातत्याचा. एडवर्ड सपीर यांच्या प्रतवारीवरील, १९४४ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या निबंधाचा आशय असा की, तुलना ही मोजणीच्या आधीची क्रिया आहे. ‘चांगले’ हा शब्द कोणत्या तरी अनुक्त प्रमाणाशी तुलना करूनच अर्थ धारण करतो. हे प्रमाण परीक्षकागणिक बदलते हे उघडच आहे; परंतु एकाच परीक्षकाच्या ठायी तरी ते स्थिर असते काय? रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्नियातील मद्यस्पर्धेच्या परीक्षकांना एकाच बाटलीतील मद्य, त्यांना न कळू देता, तीन वेळा चाखावयास दिले. तिन्ही वेळा एकाच पदकाच्या कक्षेत राहणारे परीक्षक सुमारे दहा टक्के निघाले (२००८). शब्दांची स्थितीही याहून फारशी बरी नाही. मद्याचे वर्णन ऐकून ते मद्य ओळखणे सामान्य पिणाऱ्यांस किती दुर्घट जाते, हे एड्रियन लेहरर यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे.

आता घरचे उदाहरण घेऊ. २०१५ साली लंडनमधील एका पारितोषिक-समारंभात दादरच्या ‘आस्वाद’ या उपाहारगृहाची मिसळ जगातील सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरली. हा निवाडा कोल्हापुरात कोणत्या मुद्रेने वाचला गेला असेल, हे वाचकांस सांगणे नलगे. पण क्षणभर गावाभिमान बाजूस ठेवून पाहिले, तरी एक अडचण राहतेच. ‘मिसळ’ हे नाम ‘मिसळणे’ या क्रियेवरून आलेले आहे. ते कृती सांगते, पाककृती नव्हे. कोल्हापुरात मोडाच्या मटकीवर फरसाण, कांदा व कट येतो आणि सोबत ब्रेडचे काप. नाशिककडे पाव, पापड व दही. ज्या रश्श्यावर सगळी मदार, त्याला येथे ‘कट’, पुण्यात ‘सँपल’, तर विदर्भात ‘तर्री’ म्हणतात. अंगे इतकी भिन्न असता सर्वांस एका नावाखाली उभे करून क्रम लावणे म्हणजे बोलींपैकी ‘उत्तम मराठी’ कोणती हे ठरविण्यासारखेच आहे. त्या खटाटोपाची निष्फळता आपल्या विद्यार्थ्यांस वेगळी समजावून देण्याचे कारण नाही.

स्थानिक भाषेत प्रशंसा नाही असे मात्र कोणी समजू नये. मंगळवार पेठेत चांगल्या मिसळीला ‘एक नंबर’ म्हणतात. हा शब्दप्रयोग अंकासारखा दिसतो, पण व्याकरणदृष्ट्या तो क्रमवाचक राहिलेला नाही. त्याच्या खाली ‘दोन नंबर’ ही पायरी नाही. ‘दोन नंबरचा’ म्हटले की अर्थ थेट बेकायदेशीर धंद्याकडे जातो. एकाच पेठेत चार ठिकाणची मिसळ एकाच वेळी ‘एक नंबर’ असू शकते आणि त्यात बोलणाऱ्यास विसंगती जाणवत नाही. ‘नाद खुळा’ या उद्गाराचेही तसेच. त्याला तर-तम लागत नाही. ‘अधिक नाद खुळा’ असे कोणी म्हणत नाही. म्हणजे येथील प्रशंसा शिफारस करते, पण रांग लावीत नाही. यादी करणाऱ्यास मात्र पहिली जागा एकालाच देता येते. व्यवहारातील पुष्कळशी कटुता या एका भेदातून उत्पन्न होते.

‘कटुता’ शब्द ओघात आला, त्यावरून थोडे विषयांतर. संस्कृतात ‘कटु’ हा रस मिरीचा, म्हणजे आपण ज्याला तिखट म्हणतो तो. आणि ‘तिक्त’ हा कडुनिंबाचा. मराठीत ‘कटु’पासून ‘कडू’ झाला व तो तिक्ताच्या जागी बसला. तिखटासाठी ‘तीक्ष्ण’पासून आलेला शब्द रूढ झाला. षड्‌रसांची नावे जेथे शतकांच्या ओघात जागा बदलतात, तेथे तिखटपणाचा आकडा स्थिर असावा ही अपेक्षा मोठीच म्हटली पाहिजे. विल्बर स्कोव्हिल यांचे १९१२ चे मापसुद्धा मुळात जिभेचेच होते : मिरचीचा अर्क साखरपाण्यात इतका पातळ करावयाचा की चाखणाऱ्यांना झोंबेनासा व्हावा. यंत्राने मोजणी नंतर आली.

‘कोल्हापुरी’ या विशेषणाचे जे झाले तेही याच जातीचे. देशभरच्या भोजनपत्रिकांवर ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाची भाजी असते. कोल्हापूरच्या घरात ती शोधून सापडावयाची नाही. तेथे ‘कोल्हापुरी’चा अर्थ स्थलवाचक राहिला नसून ‘अतितिखट’ अशी एक पायरी झाला आहे. येथील ताटात तांबड्या रश्श्याशेजारी पांढरा रस्सा असतो, तो सौम्य असतो. आणि तांबड्याचा रंगही बराचसा ब्याडगी मिरचीचा, जी रंगास गडद पण तिखटास बेताची. बाहेरच्या मोजपट्टीला एकच परिमाण दिसले व नाव त्यालाच चिकटले.

मग गुणांकन निरर्थक काय? तसे म्हणता येत नाही. गंगावेशीतील दूधकट्ट्यावर म्हैस समोर पिळली जाते व पेला हाती येतो. तेथे तारा कशास हवा? खासबाग मैदानात कोण चितपट झाला हे हजारो डोळे एकदमच पाहतात. परंतु रात्री रेल्वेने उतरलेल्या अपरिचिताला असे काहीच दिसत नाही, आणि त्याचे अज्ञान जितके अधिक, तितके मार्गदर्शिकेचे मोल अधिक. स्वयंपाकघराच्या स्वच्छतेची जी श्रेणी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या योजनेतून दिली जाते, तिच्यावर आक्षेप घेण्याचे कारण दिसत नाही. तेथे निकष लेखी असतात व तपासणी पुन्हा करता येते.

आक्षेप आहे तो वक्ता नाहीसा झालेल्या अंकावर. २०१७ साली लंडनमध्ये एका लेखकाने आपल्या परसातील झोपडीची भोजनगृह म्हणून ‘ट्रिपअॅडव्हायजर’वर नोंद केली व मित्रांकडून खोटे अभिप्राय लिहविले, अस्तित्वातच नसलेले ते स्थळ शहराच्या यादीत पहिले आले. मिशलँचे निरीक्षक निदान नाव लपवून, बिल स्वतः भरून जेवतात. ‘पाचपैकी चार’ या आकड्यामागे कोण जेवला, सकाळी की कट संपत आल्यावर, त्याला तिखट सोसते की नाही, यांपैकी काहीच उरत नाही.

आणि हा आकडा एकाच दिशेने वाहत नाही. दुकानाच्या भिंतीवर तो लागला की मालक कट त्या अनोळखी जिभेच्या बेताने घालू लागतो. रोजचे गिऱ्हाईक काही दिवस कुरकुरते व मग दुसऱ्या दारी जाते. हे स्थलांतर कोणत्याही यादीत नोंदले जात नाही. पेठेतील रोजच्या गिऱ्हाइकांचे शब्द त्यांच्या प्रसंगांसह टिपून घेतले, तर ते पाहता येईल. एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास दोन सत्रे पुरेल एवढे काम त्यात निश्चितच आहे. सकाळी लवकर जावे लागेल, इतकेच.