लूथरन मंडळी : प्रवेश, पंगत आणि आपलेपणा

संकल्पना
मार्टिन लूथर यांनी १५१७ मध्ये जर्मनीत आरंभलेल्या धर्मसुधारणेतून लूथरन परंपरा उदयास आली. तारण कर्माने मिळत नाही, ते देवाच्या कृपेने आणि विश्वासाद्वारे लाभते, हे तिचे मध्यवर्ती मत. मंडळीतील स्थानाचा विचारही याच मतातून निघतो. कृपा कोणीच कमावलेली नसेल, तर कुळ, धन वा विद्या यांच्या बळावर पुढची जागा मागण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही.

प्रवेशाची रीत
उपासनेला कोणीही बसू शकतो; सभासदत्व मात्र बाप्तिस्म्याने मिळते. तो अर्भकालाही दिला जातो. पुढे मूल लूथर यांची १५२९ ची लघु प्रश्नोत्तरी शिकते आणि दृढीकरणाच्या वेळी मंडळीसमोर स्वतः विश्वास कबूल करते. प्रभुभोजनात सर्वांना एकच भाकर आणि द्राक्षारस मिळतो. जातिबद्ध समाजात पंगतीला जो अर्थ असतो, तोच अर्थ या मेजाला येतो : कोण कोणासोबत जेवतो, यावरून आपलेपणा कळतो.

तंजावरचा मराठी संबंध
भारतातील पहिले लूथरन मिशनरी, बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग आणि हाइन्रिश प्ल्युत्शाऊ, १७०६ मध्ये तमिळ किनाऱ्यावरील ट्रांकेबारला उतरले. १७३३ मध्ये तेथेच आरोन यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. ते पहिले भारतीय प्रोटेस्टंट पाळक. याच परंपरेतील ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्‌झ यांच्यावर तंजावरच्या मराठा राजघराण्याचा विश्वास होता. तुळजाजीराजे यांनी दत्तकपुत्र सरफोजी यांचा सांभाळ त्यांच्यावर सोपवला. सरफोजी हिंदूच राहिले. तरी गुरूच्या स्मरणार्थ शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी शिल्प घडवून त्यांनी ते तंजावरच्या चर्चसाठी दिले. स्नेहासाठी धर्मांतराची अट नव्हती, हे या उदाहरणातून दिसते.

बसण्याच्या जागेची कसोटी
मंडळीच्या आत मात्र जात टिकून होती. तंजावरात उच्च मानले जाणारे वेल्लाळ आणि अस्पृश्य मानले गेलेले परैयर वेगवेगळ्या बाजूंना बसत. तोवर तेथील मंडळ्या अँग्लिकन देखरेखीखाली आल्या होत्या. १८३३ मध्ये अँग्लिकन बिशप डॅनिएल विल्सन यांनी हा भेद बंद करण्याचा आदेश काढला. अनेक उच्चजातीय ख्रिस्ती तेव्हा दुरावले आणि त्यांतील काही पुढे जातीबाबत सौम्य धोरण असलेल्या लायप्झिग लूथरन मिशनकडे गेले. एकाला आपलेसे वाटणारी जागा दुसऱ्याला अपमानाची ठरू शकते, हा या प्रसंगाचा अर्थ.

बीडच्या परिसरात
तंजावरहून महाराष्ट्राकडे वळले, तर बीडच्या शेजारी प्रोटेस्टंट कार्य वाढले ते लूथरन नव्हे, इतर पंथांचे. अहमदनगरला १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशन होते. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी १९व्या शतकाच्या उत्तरार्धात बेथेल ही वसाहत उभारली. दोन्ही ठिकाणी मांग व महार समाजांतील अनेक कुटुंबे मंडळीत आली. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी मराठी छंदांत रचलेल्या भजनांमुळे उपासनेला ओळखीचा सूर मिळाला. १९७० मध्ये नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात अनेक पंथ एकत्र आले. लूथरन मंडळ्या त्यात सामील झाल्या नाहीत. त्यांचा संघ वेगळा आहे.

मर्यादा
मंडळीतील समतेने बाहेरची परिस्थिती आपोआप बदलत नाही. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, आणि नंतरच्या दुरुस्त्यांनी शीख व बौद्ध, यांच्यापुरता आहे. त्यामुळे ख्रिस्ती झालेल्या दलित कुटुंबाला तो मिळत नाही. अनुसूचित जमातींना ही अट लागू नाही.

निष्कर्ष
लूथरन सिद्धांत प्रवेशाच्या वेळी सर्वांना समान मानतो. पण सिद्धांताने केवळ दार उघडते. बसण्याची जागा, भजनाची भाषा आणि मेजावरची वागणूक या तिन्हींत समता उतरली, तरच नवागताला मंडळी आपली वाटते.