पांढुर्ण्याच्या माथ्यावरचा स्फोट

16 जून 2018. हवाई बेटांवरच्या हालेआकाला शिखरावर ‘अ‍ॅटलास’ ही दुर्बीण आहे. तिचं मूळ काम पृथ्वीच्या वाटेवर येणारे लघुग्रह हेरण्याचं. त्या दिवशी तिच्या छायाचित्रात शौरी तारकासमूहातल्या एका लहानशा दीर्घिकेत नवाच ठिपका आला. अंतर सुमारे 20 कोटी प्रकाशवर्षं. चारच दिवसांपूर्वीच्या छायाचित्रात तिथं काहीही नव्हतं! साधारण साडेतीन दिवसांत त्याचं तेज शंभर पटींहून अधिक वाढलं होतं. नेहमीच्या अतिनवताऱ्याला शिखर गाठायला दोन-तीन आठवडे लागतात. नोंदवहीतल्या ओळीने येणाऱ्या अक्षरांमुळे त्याचं नाव पडलं ‘एटी 2018 काऊ’. पोळ्याला बैल सजवणाऱ्या मुलखाला हे गाईचं नाव आवडावं.

हे इथं सांगण्याचं कारण अक्षांशात आहे. हा स्फोट खगोलीय विषुववृत्ताच्या सव्वाबावीस अंश उत्तरेला होता आणि मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरचा अक्षांश साडेएकवीसच्या थोडा वर. म्हणजे त्या दिवसांत रात्री अकराच्या सुमारास तो या दोन गावांच्या जवळजवळ थेट माथ्यावर होता. नुसत्या डोळ्यांना मात्र तो दिसणं शक्य नव्हतं. डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्यापेक्षाही तो शेकडो पट मंद होता. शिवाय जूनचे ढग.

पूर्वी असे झटपट उजळणारे स्फोट हाती लागत नव्हते, कारण तेच आकाश पुन्हापुन्हा पाहणारं कुणी नव्हतं. ही उणीव भरून काढणाऱ्यांत कुरुंदवाडला जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी यांचं नाव अग्रभागी आहे. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेत त्यांनी 2009 साली एक सर्वेक्षण उभं केलं आणि 2018मध्ये त्याहून मोठी ‘झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी’. तिच्या एका छायाचित्रात पौर्णिमेचे दोनशेहून जास्त चंद्र मावतील. आजच्या चित्रातून संगणक जुनं चित्र वजा करतो. उरेल ते नवं. अर्थात उरतं त्यात लघुग्रह, रूपविकारी तारे आणि कॅमेऱ्याचे दोषही असतात. खरी मेहनत त्या निवडीत आहे.

पण पालोमारला उजाडलं की पाळत तुटते, आणि घाईच्या स्फोटाला बारा तासही फार. म्हणून इंदूरला जन्मलेल्या मानसी कासलीवाल यांच्या पुढाकाराने ‘ग्रोथ’ हे वेगवेगळ्या रेखांशांवरच्या दुर्बिणींचं जाळं विणलं गेलं. भारतातला त्याचा डोळा लडाखमधल्या हानले इथं, सुमारे 4500 मीटर उंचीवर आहे: आरसा 70 सेंटिमीटरचा, आणि चालवणाऱ्या दोन संस्थांपैकी एक आयआयटी मुंबई, जिथं वरुण भालेराव हे काम पाहतात. नकाशात हानलेपासून सरळ खाली बोट आणा, ते सौंसरजवळ येतं. दोन्हींचा रेखांश जवळपास 79 अंश! तारा दोन्हीकडे एकाच वेळी मध्यमंडल ओलांडतो.

‘काऊ’चा पाठपुरावा पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीनेही केला. नयना ए. जे. आणि पूनम चंद्रा यांनी स्फोटानंतरच्या अकराव्या दिवसापासून 570व्या दिवसापर्यंत त्याचे रेडिओ वेध घेतले. बाहेर फेकलेलं द्रव्य प्रकाशवेगाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त वेगाने पसरत होतं. गाभ्यात नवजात कृष्णविवर की न्यूट्रॉन तारा, हा वाद अजून आहे. मला तो लवकर मिटेलसं वाटत नाही.

मग साध्या डोळ्यांना काहीच काम उरलं नाही का? उरलं आहे. उत्तर मुकुट तारकासमूहातला ‘टी’ हा तारा एरवी दहाव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा असतो, पण 1866 आणि 1946 साली काही तासांत उजळून दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपर्यंत चढला. 1866मध्ये आयर्लंडच्या जॉन बर्मिंगहॅम यांना तो रात्री घरी परतताना नुसत्या डोळ्यांनी दिसला. ऐंशी वर्षांच्या हिशोबाने पुढची पाळी 2026च्या आसपास येते. हा ताराही पांढुर्ण्याच्या माथ्यापासून जेमतेम चार अंश उत्तरेने जातो. एप्रिल-मेच्या रात्री स्वाती आणि अभिजित यांच्या मधोमध नव्हे, स्वातीच्या बाजूला, उत्तर मुकुटाची ताऱ्यांची अर्धवर्तुळाकार माळ शोधा. तिच्यातले तारे पाठ करून ठेवा आणि एखादा जास्तीचा दिसला, तर वेळ लिहून लगेच जवळच्या खगोल मंडळाला कळवा.