पडद्याआडचं दान

1981 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा प्राथमिक संच घेणाऱ्याला खोक्यात पुस्तिकांबरोबर सहा फासे आणि मेणाचा एक खडू मिळत असे. फाशांवर आकडे कोरलेले, पण रंग भरलेला नाही. खडू घासायचा, जास्तीचं मेण फडक्याने पुसायचं, की खाचेतला आकडा उठून दिसे. त्याआधीच्या वीस पैलूंच्या फाशाची गंमत आणखी वेगळी. त्यावर 0 ते 9 हेच आकडे दोनदा असत, म्हणून अर्धे पैलू एका रंगाने भरायचे, उरलेले दुसऱ्या. एका रंगातला 3 म्हणजे तीन, दुसऱ्या रंगातला 3 म्हणजे तेरा. रंगाकडे काणाडोळा केला की तोच फासा दहाचा. त्याहून अजब प्रकार 1979 चा. कंपनीकडचे फासे संपले, तेव्हा खोक्यात आकडे छापलेले कागद घातले गेले; चौकोन कापा, पेल्यात टाका, चिठ्ठी काढा. चिठ्ठी परत पेल्यात टाकली तर गणित फाशासारखंच. पण चिठ्ठी एकाच्या बोटांत असते आणि फासा सगळ्यांसमोर गडगडतो. लेखाचा विषय खरं तर एवढाच आहे.

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गेम मास्टर. तो जग सांगतो आणि पंचाचं कामही करतो, बाकीचे एकेक पात्र होतात. कुणी म्हणतं, “मी त्या गच्चीवरून पलीकडे उडी मारते.” जमलं का? इथे फासा पडतो. आपल्याकडे फासे म्हटलं की द्यूतसभा आठवते, पणाला लावलेलं राज्य आठवतं. इथे पण नसतो आणि शेवटी कुणी जिंकतही नाही. मग फासा हवा कशाला? माझ्या मते तो नशिबासाठी कमी आणि पंचासाठी जास्त आहे.

हा पंच प्रशियाच्या सैन्यातून आला. 1824 मध्ये गेओर्ग फॉन राइसविट्स या तरुण अधिकाऱ्याने ‘क्रीगश्पील’ हा युद्धखेळ छापला. नकाशा 1:8000 प्रमाणाचा, प्रत्येक चाल दोन मिनिटांच्या काळाची. लाल आणि निळी बाजू समोरासमोर, मध्ये पंच. शत्रूचं जेवढं खरोखर दिसलं असतं तेवढंच पंच प्रत्येकाला दाखवणार. गोळीबाराने किती माणसं पडली, ते मात्र पंच मनाने ठरवत नसे. त्यासाठी खास फासे आणि कोष्टकं होती. पुढे अधिकाऱ्यांना या कोष्टकांचा कंटाळा आला. 1876 मध्ये युलिउस फॉन व्हेर्डी द्यू वेर्न्वा याने सुचवलं की फासे नकोत, कोष्टकंही नकोत. अनुभवी पंच जे सांगेल ते खरं. फासा की पंच, हे भांडण तेव्हापासूनचं.

या वादाची एक शाखा अमेरिकेत पोचली. तिथल्या सैन्यातल्या चार्ल्स टॉटन याचं ‘स्ट्रॅटेगोस’ 1880 मध्ये निघालं. तब्बल आठ-नऊ दशकांनी मिनेसोटातल्या डेव्हिड वेझ्ली या हौशी खेळाडूच्या हाती विद्यापीठाच्या ग्रंथालयात ते पुस्तक लागलं आणि सर्वाधिकारी पंचाची कल्पना त्याने उचलली. 1969 च्या त्याच्या ‘ब्राउनश्टाइन’ खेळात एकेका खेळाडूला सैन्याऐवजी एकच माणूस दिला गेला. त्या टोळक्यात डेव्ह आर्नेसन होता. त्याने आणि गॅरी गायगॅक्सने 1974 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला. पहिल्या छपाईत हजार प्रती.

गायगॅक्सचा डाव दुहेरी होता. पात्राची ताकद, बुद्धी वगैरे सहा गुण तीन साध्या फाशांची बेरीज करून ठरत. तीन फाशांची 216 दानं. त्यांपैकी 18 चं एकच, 10 आणि 11 ची प्रत्येकी 27. म्हणजे जन्म बहुतेकांचा मध्यमवर्गीय! पण तलवारीचा वार वीसच्या एकाच फाशावर. तिथे प्रत्येक आकडा सारखाच, शेकडा पाच. गरीब पात्रालाही अधूनमधून 20 पडणारच. मध्यमवर्गीय जन्म अर्थात खेळाडूंना रुचत नसावा. 1979 च्या गेम मास्टरसाठीच्या पुस्तकात गायगॅक्सने चार फासे टाकून सर्वांत लहान सोडून द्यायची मुभा दिली. 18 ची शक्यता 0.46 टक्क्यांवरून 1.62 वर गेली. त्याच पुस्तकात तो गेम मास्टरला हेही सांगतो की वाटलं तर फाशाचा कौल धुडकावून लाव. व्हेर्डी खूश झाला असता.

1991 मध्ये एरिक वूचिकच्या ‘अँबर’ने फासेच काढून टाकले, खेळाडू गुणांसाठी आपसात लिलाव करतात आणि ज्याचा गुण मोठा त्याची सरशी. मला तो खेळ थोडा कोरडा वाटतो. त्यापेक्षा 2010 चा व्हिन्सेंट बेकरचा ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’ जास्त शहाणा. दोन फाशांची बेरीज 10 किंवा वर गेली तर काम फत्ते, 6 किंवा खाली आली तर संकट. पण 7 ते 9 आलं तर काम होतं आणि किंमतही मोजावी लागते. अधिक-उणे काही नसेल, तर 36 पैकी 15 दानं या मधल्या पट्ट्यात. उडी जमली, पण चप्पल खाली पडली आणि पहारेकरी जागा झाला. इथे फासा निकाल देऊन गप्प बसत नाही, पुढचं बोलायला भाग पाडतो.

मागच्या दिवाळीत पुण्यात भाच्याच्या घरी असा एक डाव बसला होता. भाचा गेम मास्टर, पुढ्यात पुठ्ठ्याचा उभा पडदा. पडद्यामागे फासा खडखडला आणि तो जरा घाईनेच म्हणाला, “वाचलीस.” समोरची मुलगी हसली नाही. “दादा, किती पडलं?” भाचा फक्त खांदे उडवतो. “पडदा काढ मग.” पडदा गेला. पुढचं दान तिचंच. फासा टेबलावरून घरंगळला आणि सतरंजीच्या काठाला टेकून कलंडला. एका बाजूने बघितलं तर 19, दुसरीकडून 1. सगळे गुडघ्यांवर बसून, मोबाइलचा दिवा धरून बघू लागले. एकमत होईना. शेवटी सगळ्यांच्या माना भाच्याकडे वळल्या.

“परत टाक,” तो म्हणाला.